तिकीट माझ्या नावावर, मग बटण का दिसत नाही?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की ऑफिसच्या तक्रारी व्हॉट्सॲप ग्रुपवर घेणं थांबवा आणि एखादी तिकीट प्रणाली बसवा, म्हणजे प्रत्येक तक्रारीची वेगळी नोंद (तिला 'तिकीट' म्हणतात) ठेवणारं सॉफ्टवेअर. बऱ्याच जणांनी ती बसवली, आणि आता त्यांचीच पत्रं आली आहेत. कोणाला तिकीट दिसत नाही, कोणाला नको ते दिसतंय, कोणाचं तिकीट शेजारच्यानं पळवलंय. उत्तरांत मी बहुतेक ठिकाणी रिक्वेस्ट ट्रॅकर, म्हणजे आरटीचं उदाहरण घेतलं आहे. जेसी व्हिन्सेंट यांनी १९९६ मध्ये ते लिहायला घेतलं, आजही ते मुक्त स्रोत आहे आणि पैसे न देता मिळतं. एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात निवृत्त होईपर्यंत मी तेच चालवलं. त्याचा चेहरा आजच्या ॲपसारखा देखणा नाही, पण त्यातले अधिकार इतके सुटे सुटे आहेत की कुठली गोष्ट कशावर अडली ते बोट ठेवून दाखवता येतं.

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आरटी बसवलं. नेटवर्क, प्रयोगशाळा आणि वसतिगृह असे तीन क्यू, म्हणजे तिकिटांच्या रांगा, आहेत. वसतिगृहाच्या क्यूमध्ये तिकीट कोणाला द्यायचं त्या यादीत आमच्या एका लॅब असिस्टंटचं नावच येत नाही. दुसऱ्या एकाचं नाव येतं, पण त्याला स्वतःहून तिकीट घ्यायचं बटण दिसत नाही. शेवटी कंटाळून दोघांनाही 'सुपर युजर' करून टाकलं. आता सगळं चालतं. हे बरोबर आहे का, मॅडम?
— सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर, सांगली

आधी ते सुपर युजर काढा. उरलेलं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. आरटीत सुपर युजरला कुठलाही अधिकार वेगळा तपासला जात नाही, त्यामुळे 'आता सगळं चालतं' याचा अर्थ त्या दोघांना उद्या प्राचार्यांची तिकिटं वाचता येतील आणि तुमचेच अधिकार काढूनही घेता येतील.

आता मूळ अडचण. तिकीट कोणाच्या नावावर असू शकतं आणि ते कोण आपल्या नावावर करून घेऊ शकतं, हे आरटीत दोन वेगळे अधिकार आहेत. पहिल्याचं नाव 'ओन तिकीट'. तो ज्याला त्या क्यूवर दिलेला आहे, त्याचंच नाव मालकांच्या यादीत येतं. तुमच्या पहिल्या असिस्टंटला तो नेटवर्कच्या क्यूवर असेल, वसतिगृहाच्या नसेल. दुसऱ्याला 'ओन तिकीट' आहे, म्हणून कोणीतरी त्याला तिकीट देऊ शकतं. पण 'टेक तिकीट' नाही, म्हणून बेवारस पडलेलं तिकीट त्याला स्वतः उचलता येत नाही. जिरा ही दुसरी प्रणाली वापरणाऱ्यांना हीच जोडी 'असाइनेबल युजर' आणि 'असाइन इश्यूज' या नावांनी माहीत असेल. तिथेही लोक एकच अधिकार देतात आणि दुसऱ्याची वाट बघत बसतात.

ॲडमिन मेनूतून क्यू उघडा, 'ग्रुप राइट्स'वर जा. तिथे व्यक्तींची नावं न घालता 'वसतिगृह कर्मचारी' असा गट करा आणि त्या गटाला क्यू दिसण्याचा, तिकीट दिसण्याचा, उत्तर देण्याचा, टिप्पणीचा, 'ओन' आणि 'टेक' असे अधिकार द्या. माणूस बदलला की गटातलं नाव बदलायचं, अधिकारांना हात लावायचा नाही. आणखी एक तपासा : त्या असिस्टंटच्या खात्यावर 'प्रिव्हिलेज्ड'ची खूण आहे का? ज्यांचं खातं नुसतं ईमेल आल्यावर आपोआप तयार झालं, त्यांच्यावर ती नसते. अशी माणसं कर्मचाऱ्यांच्या गटात बसवायची असतील, तर आधी ती खूण करावी लागते.

त्याच पानावर 'ओनर' (मालक), 'रिक्वेस्टर' (तक्रारदार), आणि ज्यांना प्रती जातात ते 'सीसी' आणि 'ॲडमिनसीसी' अशा भूमिकाही दिसतील. भूमिकेला दिलेला अधिकार त्या त्या तिकिटापुरता लागू होतो. 'ओनर'ला 'मॉडिफाय तिकीट' दिलंत, की ज्याचं तिकीट त्यालाच त्यात बदल करता येतो, शेजारच्याच्या तिकिटात नाही. ही सोय छान आहे. पण 'ओनर' या भूमिकेलाच 'ओन तिकीट' देणारे मी पाहिलेत. मालक झाल्याशिवाय ती भूमिका मिळत नाही आणि अधिकार असल्याशिवाय मालक होता येत नाही, मग यादी रिकामीच राहणार. अगदी रिकामी नाही म्हणा. 'नोबडी' हा आरटीचा स्वतःचा एक युजर तिथे कायम असतो. न उचललेली तिकिटं त्याच्या नावावर असावीत म्हणून त्याला 'ओन तिकीट' बसवतानाच दिलेलं असतं.

सरकारी कचेरीत काम केलेल्यांना हे पटकन समजतं. बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदीत, फाइल ज्या टेबलावर लावली, त्या टेबलानं तिचा पाठपुरावा करायचा असतो. सही करायचा अधिकार मात्र कोणाला, ते बारनिशी ठरवत नाही.

प्रश्न : ताई, मी हिंजवडीत रात्रपाळीची टीम लीड आहे. गणपतीत एक जण गावी गेला आणि त्याच्या नावावरची तिकिटं अडकून पडली. क्लायंट ओरडायला लागला. तेव्हा मॅनेजरनं सगळ्यांनाच 'स्टील'चा, म्हणजे दुसऱ्याचं तिकीट ओढून घ्यायचा, अधिकार देऊन टाकला. आता पाळी संपायच्या अर्धा तास आधी सोपी तिकिटं पळवली जातात, कारण महिन्याच्या शेवटी बंद केलेली तिकिटं मोजतात. ज्यानं दोन दिवस क्लायंटशी बोलून प्रश्न सोडवत आणला, तो बघत बसतो. विचारलं तर म्हणतात, 'सिस्टीमनं परवानगी दिली ना?'
— एक टीम लीड, पुणे

सिस्टीमनं दिली हे खरंच आहे. त्या मुलांना बोलून उपयोग नाही. आधी मॅनेजरशी बोला, आणि बोलताना दोन गोष्टी वेगळ्या मांडा.

पहिली गोष्ट रजेची. दुसऱ्याच्या नावावरचं तिकीट हलवायचे आरटीत दोन रस्ते आहेत. 'स्टील तिकीट' असलेला माणूस ते स्वतःकडे ओढून घेतो. 'रिअसाइन तिकीट' असलेला माणूस ते 'अ'कडून काढून 'ब'ला देतो, मध्ये स्वतः मालक न होता. साध्या 'मॉडिफाय' अधिकारावर फक्त स्वतःची किंवा बेवारस तिकिटं दुसऱ्याला देता येतात. त्यापलीकडे गेलात तर आरटी सरळ नकार देतं. तुम्हाला हवा आहे तो 'रिअसाइन', आणि तो पाळीच्या लीडलाच. रजेवर जाणाऱ्याची न सुटलेली सगळी तिकिटं एका शोधात काढा, 'बल्क अपडेट'मधून दोघातिघांत वाटा, आणि हे तो बसमध्ये बसण्याआधी करा, क्लायंट ओरडल्यावर नको. कोकणात गणपतीला कोण जाणार हे तुम्हाला जुलैतच माहीत असतं. रेल्वेचं आरक्षण त्यानं कधीच करून ठेवलेलं असतं.

'स्टील' सगळ्यांकडून काढा. लीडकडे ठेवा, आणि पाळी मोठी असेल तर आणखी एकाकडे. रात्री तीनला लीड चहाला गेलेला असतो आणि सर्व्हर तेव्हाच बसतो, एवढ्यासाठी.

ओटीआरएस या आणखी एका तिकीट प्रणालीच्या घराण्यातल्यांनी यावर वेगळा तोडगा काढला. ओटीआरएसची मोफत आवृत्ती बंद पडल्यावर तिच्यावरून झ्नुनी निघालं, त्यातही तो आहे. तिथे मालकीशिवाय 'लॉक' असतं. काम करणारा तिकीट लॉक करतो, आणि क्यूवर ठरवून दिलेल्या मिनिटांत ते बंद झालं नाही तर लॉक आपोआप सुटतं आणि तिकीट इतरांना उपलब्ध होतं. मालकाचं नाव तसंच राहतं, वाट मात्र अडत नाही. शिवाय तिथे 'ओनर'खेरीज 'रिस्पॉन्सिबल' असं दुसरं नावही चालू करता येतं, म्हणजे आज हातात कोणाच्या आहे आणि शेवटी जबाब कोण देणार हे वेगळं ठेवता येतं. तुमच्यासारख्या पाळ्यांच्या कामाला हे आरटीपेक्षा सोयीचं आहे, हे मी आरटीची जुनी भक्त असून सांगते.

दुसरी गोष्ट मोजणीची. ती सॉफ्टवेअरमधून सुटणार नाही. बंद करताना तिकीट ज्याच्या नावावर, त्याला गुण, असा नियम असेल तर अधिकार कितीही आवळा, मुलं वाट काढतील. 'स्टील' काढलंत तर बेवारस क्यूमधली सोपी तिकिटं आधी उचलतील आणि अवघड तळाला राहतील. मोजायचंच असेल तर तिकिटाचा इतिहास मोजा. कोणी कोणाकडून कधी घेतलं, कोणी किती उत्तरं लिहिली, हे सगळं तिथे वेळेसकट नोंदलेलं असतं. बंद व्हायच्या अर्धा तास आधी मालक बदललेली तिकिटं एकदा काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवा. नावांसकट ठेवू नका, नुसती संख्या पुरेशी होईल.

प्रश्न : एका तिकिटाला दोन मालक ठेवता येतील का? आमचे दोन्ही इंजिनियर मिळून काम करतात.
— एक वाचक, कोल्हापूर

आरटीत नाही. जीएलपीआय या दुसऱ्या प्रणालीत येतात, तिथे एका तिकिटावर कितीही तंत्रज्ञ आणि वर गटही लावता येतात. आरटीच्या ४.४ आवृत्तीपासून 'कस्टम रोल' करता येतो. 'सहायक' अशी भूमिका करून दुसऱ्याचं नाव तिथे घाला. पण फोन आल्यावर 'हे कोण बघतंय?' याचं उत्तर एकाच नावाचं असू द्या. दोन नावं असली की दोघंही दुसऱ्यानं उत्तर दिलं असेल असं धरून चालतात, आणि कोल्हापुरात काय वेगळं होत असेल असं मला वाटत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत तक्रारींसाठी एक तयार सॉफ्टवेअर घेतलं. एका सभासदाच्या गळतीच्या तक्रारीवर खजिनदारांनी आतल्या आत लिहिलं, 'यांचा मेंटेनन्स थकलाय, यांचं शेवटी बघू.' ते त्या सभासदाला ईमेलनं गेलं. त्यांनी त्याची प्रत काढून वार्षिक सभेत वाचून दाखवली. खजिनदार म्हणतात, मी अंतर्गत टिप्पणीच लिहिली होती. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, आमच्याकडे दोष नाही. खरं कोण?
— सचिव, गृहनिर्माण सोसायटी, ठाणे

दोघंही खरं बोलत असतील, असं होऊ शकतं.

जवळजवळ प्रत्येक प्रणालीत लिहायच्या दोन जागा असतात. एक तक्रारदाराला जाणारं उत्तर, दुसरी आतल्या माणसांसाठी. झेनडेस्कमध्ये आतली टिप्पणी पिवळसर रंगात दिसते ती याच भीतीपोटी. आरटीत या दोन जागा 'रिप्लाय' आणि 'कॉमेंट' अशा आहेत, आणि तिकीट दिसण्याचा अधिकार वेगळा, त्यावरच्या कॉमेंट दिसण्याचा वेगळा. तक्रारदाराला पहिला द्यायचा, दुसरा नाही. तुमच्या प्रणालीत सभासदाच्या नावानं लॉगिन करून हे आधी तपासा. चाचणीसाठी एक खोटा सभासद तयार ठेवा. व्यवस्थापकाच्या लॉगिनमधून सगळंच दिसतं, त्यावरून काही कळत नाही.

मग गेलं कसं? माझा संशय ईमेलवर आहे. आरटीचं सांगते, तुमच्याकडेही असंच काही असेल. प्रत्येक क्यूला दोन पत्ते देता येतात : एका पत्त्यावर आलेलं पत्र उत्तर म्हणून नोंदवलं जातं आणि तक्रारदाराला जातं, दुसऱ्यावर आलेलं कॉमेंट म्हणून आत राहतं. बसवणाऱ्यानं आळसानं दोन्हीकडे एकच पत्ता घातला, की घोटाळा ठरलेला. कोणीतरी आत कॉमेंट लिहितं, खजिनदारांना त्याची ईमेल येते, ते मोबाइलवर आरामात 'रिप्लाय' दाबून दोन ओळी लिहितात. त्यांच्या दृष्टीनं चर्चा आतलीच चालू आहे. प्रणालीच्या दृष्टीनं उत्तर आलं, ते ज्याचं त्याला पाठवलं.

दुसरी शक्यता नावांच्या यादीची. आरटीत नेहमीच्या मांडणीनुसार 'सीसी'ला फक्त उत्तरं जातात, 'ॲडमिनसीसी'ला उत्तरं आणि कॉमेंट दोन्ही. कमिटीचे सगळे 'ॲडमिनसीसी' म्हणून घातले आणि त्यात गेल्या वर्षी कमिटीत असलेले, यंदा साधे सभासद झालेले गृहस्थ तसेच राहिले असतील, तर प्रत कुठून फुटली ते शोधायला फार लांब जायला नको. निवडणूक झाली की पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेत 'सॉफ्टवेअरमधील नावे बदलणे' हा विषय घाला, बँकेतल्या सह्या बदलायच्या विषयाशेजारीच.

गेलेलं पत्र परत येत नाही. झेनडेस्कमध्ये जाहीर उत्तर नंतर अंतर्गत टिप्पणीत बदलता येतं, पण तोवर ईमेल समोरच्याच्या हातात असते. त्यामुळे खजिनदारांना एवढंच सांगा, की आतल्या रकान्यातही तेच लिहा जे वार्षिक सभेत वाचून दाखवलं तरी चालेल. आणि त्या सभासदाची गळती आता पहिल्यांदा बघा.

प्रश्न : आम्ही आयटीच्या आरटीतच एचआर आणि पगाराच्या तक्रारीही घ्यायला सुरुवात केली. एकाला दुसऱ्याचा पगार दिसू नये यासाठी काय काय करावं? एका तिकिटातून दुसऱ्याची माहिती कळली असं एकदा झालं आहे, पण अधिकार तर बरोबर दिसतात.
— एचआर विभागातील वाचिका, छत्रपती संभाजीनगर

वेगळा क्यू तुम्ही केलाच असेल. त्यावर आयटीच्या गटाला कुठलाच अधिकार नको, तिकीट दिसण्याचाही नको. हे करताना 'ग्लोबल' अधिकारांचं पान उघडून बघायला विसरू नका. क्यूवर काही दिलं नाही म्हणून निर्धास्त राहाल आणि कोणीतरी सुरुवातीला सगळ्या कर्मचाऱ्यांना सगळ्या क्यूंसाठी 'शो तिकीट' देऊन ठेवलेलं असेल. आरटीत अधिकार बेरजेनं चालतात. एकीकडून मिळाला तो दुसरीकडे न दिल्यानं रद्द होत नाही.

सर्वांना, म्हणजे 'एव्हरीवन' गटाला, तिकीट तयार करायचा अधिकार ठेवा, नाहीतर कर्मचाऱ्यांच्या ईमेल नाकारल्या जातील. उत्तर द्यायचा अधिकार मात्र एचआरच्या क्यूवर 'एव्हरीवन'ला न देता 'रिक्वेस्टर' आणि 'सीसी' या भूमिकांना द्या. आरटी तिकीट ओळखतं ते विषयाच्या ओळीतल्या चौकटी कंसातल्या क्रमांकावरून. 'एव्हरीवन'ला उत्तराचा अधिकार असेल, तर तो क्रमांक माहीत असलेला कोणीही त्या तिकिटात मजकूर घुसवू शकतो.

अधिकार बरोबर असून माहिती गेली, असं तुम्ही लिहिलंय. तिकिटं एकत्र केली होती का ते बघा. एकसारख्या विषयाची दोन तिकिटं आली, 'मार्चचा पगार कमी आला', की टापटीप आवडणारा माणूस ती 'मर्ज' करतो. आरटीत मर्ज केल्यावर दोन्हींचे तक्रारदार एकाच तिकिटाचे तक्रारदार होतात, आणि पुढचं प्रत्येक उत्तर दोघांना जातं. त्यात मागचा मजकूर, जोडलेली पगारपत्रकं, सगळं एकत्र. प्रत्येकाला 'स्वतःचं' तिकीट बघायचा अधिकार आहे, आणि आता ते खरोखरच दोघांचं आहे, म्हणून प्रणाली कुठे अडत नाही. हे पडद्यावरून उलटवता येत नाही. वेगवेगळ्या माणसांची तिकिटं कधीच मर्ज करू नका, फक्त 'लिंक' करा. लिंक केल्यानं दुसऱ्याला तिकीट वाचायचा अधिकार मिळत नाही.

तिकीट एका क्यूमधून दुसऱ्यात हलवताना काय होतं तेही माहीत असू द्या. हलवणाऱ्याला नव्या क्यूमध्ये तिकीट तयार करायचा अधिकार लागतो. आणि जुन्या मालकाला नव्या क्यूवर 'ओन तिकीट' नसेल, तर आरटी ते त्याच्याकडून काढून 'नोबडी'च्या नावावर करतं. हे चांगलंच आहे : आयटीतल्या मुलानं चुकून उचललेलं पगाराचं तिकीट एचआरकडे गेलं की त्याच्या हातून सुटतं. पण एचआरमध्ये बेवारस तिकिटांकडे रोज बघणारं कोणी नसेल, तर ते तिथेच पडून राहील. तुमच्या मुख्य पानावर 'नोबडी'ची तिकिटं दाखवणारा शोध लावून ठेवा.

आता थोडं कडू. सुपर युजर कितीही कमी केलेत, तरी आरटीच्या डेटाबेसचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याला सगळं वाचता येतं. अधिकारांची तपासणी सॉफ्टवेअर करतं, खालचा डेटाबेस करत नाही. तो माणूस आयटीतलाच असणार, आणि तुमच्या पगारवाढीची तक्रारही त्यानं बॅकअप घेतलेल्या डिस्कवर असणार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेची वाजवी व्यवस्था न केल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा आकडा संचालकांसमोर ठेवलात, तर एचआरसाठी वेगळा सर्व्हर मागायला सोपं जाईल. तो मिळेपर्यंत पगाराचे आकडे तिकिटाच्या विषयात लिहू देऊ नका, कारण विषयाची ओळ प्रत्येक ईमेलवर आणि मोबाइलच्या बंद पडद्यावरही झळकते. आणि पगारपत्रक तिकिटाला जोडण्याऐवजी 'पगाराच्या पोर्टलवर ठेवलं आहे, तिथे बघा' एवढंच उत्तरात लिहा.